पोटाचें शहर आणि राहण्याचें गांव

मुलाला विलायतेंत नोकरी लागल्याची वार्ता ज्या घरीं येते, त्या घरीं पहिला आठवडा पेढे वाटण्यांत जातो आणि दुसऱ्या आठवड्यांत बिऱ्हाडाचा प्रश्न उभा राहतो. नोकरी लंडन शहरांत, एवढें ठरलेलें असतें. राहावयाचें कोठें, हें मात्र कोणी ठरवून दिलेलें नसतें. खुद्द लंडनमध्यें दोन मुलांच्या कुटुंबाला पुरेल असें घर भाड्यानें घ्यावें, तर पगाराचा मोठा लचका तेथेंच तुटतो. म्हणून शहरापासून वीस, तीस, क्वचित् चाळीस मैलांवरच्या एखाद्या गांवीं बिऱ्हाड करावें व आगगाडीनें रोज जा-ये करावी, हा मार्ग तेथील लोक पिढ्यान् पिढ्या चोखाळीत आले आहेत, आणि आतां आपलीं माणसेंहि तोच धरूं लागलीं आहेत.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं लंडनमध्यें होते, तेव्हां ते मेडा व्हेल भागांतील हौली प्लेस येथें, म्हणजे शहराच्या अगदीं पोटांत राहत. त्या घरावर आज तशी पाटीहि आहे. त्या काळीं जाणारा बहुधा एकटा जाई, अभ्यास किंवा कार्य आटोपी आणि परत येई. एक खोली व सकाळचा चहा मिळाला कीं त्याचें काम भागे. आतां जातें तें अख्खें कुटुंब: नवरा, बायको, शाळेंत जाणारीं मुलें, आणि सहा महिन्यांपर्यंतच्या परवान्यावर येऊन-जाऊन असणारे आजीआजोबा. असें असून घर शोधतांना मोजपट्टी वापरली जाते ती त्या जुन्या एकट्या माणसाचीच. ज्याला विचारावें तो एकच सांगतो, "गाडीनें अमुक मिनिटें." हीं मिनिटें जाणाऱ्याचीं झालीं. जो सकाळीं साडेसातला घर सोडतो आणि सायंकाळीं सातला परततो, त्याचा त्या गांवाशीं संबंध कितीसा? तेथें दिवस काढावयाचा असतो तो मागें राहणाऱ्यांना. आणि निवडीच्या वेळीं त्यांचें मत बहुधा कोणी विचारलेलें नसतें, कारण तीं अजून पुण्याला किंवा नागपूरला सामान बांधीत असतात.

तथापि मिनिटांचा हिशेब टाळतां येत नाहीं, तेव्हां तो आधीं उरकून घेऊं. मुंबईची संवय असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें एक बोरीबंदर व एक चर्चगेट असतें. लंडनमध्यें तशीं डझनभर अखेरचीं स्टेशनें आहेत आणि तीं शहराभोंवतीं कड्यासारखीं पसरलेलीं आहेत. आगगाडीला शहराच्या मध्यभागीं शिरूं देऊं नये, असा अभिप्राय राजनियुक्त आयोगानें १८४६ सालीं दिला. त्यामुळें स्टेशनें कडेकडेनेंच उभीं राहिलीं. मग त्यांना आंतून जोडण्यासाठीं भुयार खणावें लागलें आणि १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जगांतील पहिली भुयारी आगगाडी सुरू झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, प्रत्येक स्टेशन एकेका दिशेचें आहे. पश्चिमेचीं गांवें पॅडिंग्टनला येतात, वायव्येचीं यूस्टन किंवा मॅरिलीबोनला, नैर्ऋत्येचीं वॉटर्लूला. म्हणून कचेरी कोणत्या स्टेशनाला जवळ, हें प्रथम पाहावें. मग ती रेल्वे. आणि मग त्या रेल्वेवरचें गांव. हा क्रम उलटला कीं गाडीचीं पंचवीस मिनिटें व गर्दींतून गाड्या बदलण्याचीं चाळीस, असा विचित्र जमाखर्च पदरीं येतो. पश्चिमेकडे राहणारांचें दैव अलीकडे उघडलें आहे. २४ मे २०२२ रोजीं एलिझाबेथ लाइन सुरू झाली, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरपासून रेडिंग व स्लाउ येथील गाड्या पॅडिंग्टनलाच न संपतां शहराखालून थेट पलीकडे जाऊं लागल्या. पॅडिंग्टनहून लिव्हरपूल स्ट्रीट आतां दहा-अकरा मिनिटांवर आलें आहे.

गाडी पॅडिंग्टन सोडून अर्ध्या तासांत मोकळ्या कुरणांत शिरते, याचें नव्या माणसाला आश्चर्य वाटतें. हीं कुरणें आपोआप उरलेलीं नाहींत. पहिल्या भुयारी गाडीच्याच कंपनीनें पुढें वायव्येकडे रूळ नेले आणि रुळांच्या कडेच्या जमिनीवर घरांचा व्यापार मांडला. हॅरो, पिनर, रिकमन्सवर्थ या बाजूच्या टापूला तिनें १९१५ सालीं 'मेट्रोलँड' असें नांव दिलें व घराबरोबर बागेचें, आणि बागेबरोबर पासाचें, स्वप्न विकलें. तो लोट थोपविण्यासाठीं १९३८ सालीं हरित पट्ट्याचा कायदा झाला आणि १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानें त्याला बळकटी आली. पुण्यामुंबईभोंवतीं असा पट्टा वेळींच आंखला गेला असता तर काय झालें असतें, हा विषय निराळा. विलायतेंत मात्र त्याचा एक परिणाम असा झाला कीं, पट्ट्यापलीकडचीं जुनीं गांवें टुमदार राहिलीं आणि त्याच कारणानें महागहि झालीं.

आतां प्रत्यक्ष गांवांकडे वळूं. बोरीबंदराहून ठाणें एकवीस मैल. पॅडिंग्टनहून स्लाउ सुमारें साडेअठरा. म्हणजे हें लंडनचें ठाणेंच. त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. शेजारीं ईटनची प्रसिद्ध शाळा. आगगाडीनें आपलीं मुलें बिघडतील या भीतीनें शाळाचालकांनीं १८३५ च्या कायद्यांत, येथें स्टेशन बांधूं नये, असें कलम घालविलें. कंपनी हुशार, १८३८ सालीं गाडी सुरू होतांच तिनें स्टेशन बांधलें नाहीं, पण गाडी मात्र थांबविली, आणि जवळच्या एका मद्यगृहाच्या खोल्यांत तिकिटें विकावयास आरंभ केला. शाळेनें फिर्याद केली व ती हरली. त्याच महिन्यांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाचा सोहळा पाहण्यासाठीं शाळेनेंच तेथून गाडी मागविली, हें त्यावरचें कवित्व. पुढें १८४२ सालीं राणीनें आपला पहिला आगगाडीचा प्रवास केला तो याच गांवाहून.

स्लाउला सौंदर्याची कीर्ति नाहीं. १९२० पासून तेथें कारखान्यांची वसाहत वाढत गेली, आणि १९३७ सालीं एका नामवंत इंग्रज कवीनें या गांवावर बाँब पडावेत अशा अर्थाची कविताहि छापली. सर विल्यम हर्शेल यांनीं आपली चाळीस फुटी दुर्बीण याच गांवीं उभारली होती आणि आयुष्याचीं शेवटचीं छत्तीस वर्षें येथेंच आकाश न्याहाळलें, याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं, त्या कारखान्यांनीं हिंदी माणसाला आधींच येथें आणून वसविलें आहे. कढीलिंब, तूरडाळ, हिरवी मिरची पायीं जाऊन मिळते. साडी नेसलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाहीं. आणि सासूबाईंना इंग्रजी येत नसलें तरी दुकानांत हिंदीवर भागतें. विमानतळ जवळ, हा वडील मंडळींना येतांजातां मोठा दिलासा. विमानांची घरघर ही त्याचीच दुसरी बाजू. आणखी एक गोष्ट जी गाडीच्या वेळापत्रकांत सांपडत नाहीं: येथील नगरपालिकेनें २०२१ सालीं आपला जमाखर्च जुळत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली, आणि २०२३-२४ सालीं घरपट्टी दहा टक्क्यांच्या आंत-बाहेर वाढली. वोकिंग हें नैर्ऋत्येचें असेंच जा-येचें गांव. तेथील नगरपालिकेवर २०२३ सालीं तीच पाळी आली. घर पाहणारानें स्वयंपाकघराच्या फरशा जरूर पाहाव्या, पण गांवाच्या तिजोरींतहि एकदां डोकावावें. ग्रंथालय किती दिवस उघडें राहणार, हें तेथेंच कळतें.

ही घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, आपल्या लोकांना चकविते. ती घरमालक भरीत नाहीं, राहणारा भाडेकरू भरतो. घरांच्या 'अ'पासून 'ह'पर्यंत म्हणाव्या अशा आठ प्रती केलेल्या आहेत, आणि ती प्रत ठरते घराची १९९१ सालीं काय किंमत आली असती यावरून. घरांत एकच प्रौढ मनुष्य असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते. म्हणजे बायकोमुलें येण्यापूर्वीं एकट्यानें घर घेतलें तर सूट अवश्य मागावी, आणि तीं आल्यावर तसें अवश्य कळवावें.

आमच्या पुतण्याचें उदाहरण जवळचें म्हणून सांगतों. त्याची कचेरी लिव्हरपूल स्ट्रीटजवळ. पहिले चार महिने तो एका खोलींत राहिला आणि सुटीच्या दिवशीं गांवें पाहत हिंडला. जून महिन्यांतल्या एका रविवारीं त्याला रेडिंगच्या पलीकडे एक खेडें सांपडलें. नदी, दगडी पूल, जुनें देऊळ, देवळाच्या आवारांत गुलाब, आणि विटांचें एक घर, पुढें-मागें बाग असलेलें. भाडें रेडिंगहून कमी. स्टेशन पाऊण मैल. त्यानें छायाचित्रें पाठविलीं आणि आम्ही पुण्यांत सगळे हरखून गेलों. सूनबाई तेवढ्या गप्प होत्या. दोन दिवसांनीं त्यांनीं फोनवर विचारलें, "या चित्रांत माणूस कां नाहीं एकहि?" मग म्हणाल्या, "घर लगेच ठरवूं नका. नोव्हेंबरांत, मंगळवारीं, दुपारीं तीन वाजतां पुन्हां एकदां जाऊन या."

तो गेला. पाऊस भुरभुरत होता. शाळा सुटून दोन-चार मोटारी निघून गेल्या आणि रस्ता ओस पडला. साडेचार वाजतां काळोख झाला. स्टेशनापासून घरापर्यंतच्या पाऊण मैलांत दिव्याचे खांब अर्ध्या वाटेपर्यंतच होते, पुढें पायवाटहि नव्हती. गांवांतून शेवटची बस सहाच्या आधींच सुटे. दुकान एक, तेंहि पांचला बंद. मोटार चालवितां येणाऱ्या माणसाला यांत कांहींच अडचण नाहीं. परंतु सूनबाईंना तेथील परवाना मिळावयास अवकाश होता आणि सत्तरीच्या सासूबाईंना तो मिळावयाचाच नव्हता. पुतण्यानें तें घर सोडलें व रेडिंगमध्यें, एका भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळींत, लहान अंगणाचें घर घेतलें. भाडें जास्त पडलें.

रेडिंग पॅडिंग्टनहून छत्तीस मैल, म्हणजे आपल्या कल्याणच्या थोडें पलीकडे. जलद गाडीनें सुमारें पंचवीस मिनिटें, आणि एलिझाबेथ लाइनच्या थांबत थांबत जाणाऱ्या गाडीनें जवळ जवळ तास. या दोहोंतला फरक दलाल सांगत नाहींत. पॅडिंग्टनचा रस्ता अडला तर वॉटर्लूला जाणारी दुसरी, संथ का होईना, गाडी तेथून सुटते. आणि एकाच रुळावर अवलंबून राहणें किती जिवावर येतें, हें रविवारीं रूळदुरुस्तीमुळें बसमध्यें कोंबलें गेलेल्या माणसाला विचारावें. गांव जुनें आहे. पहिल्या हेन्री राजानें ११२१ सालीं तेथें मठ स्थापला. हंटले अँड पामर्स यांच्या बिस्किटांचा कारखाना याच गांवीं होता. १८९० सालीं पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांवरून पुण्यांत केवढें वादळ उठलें होतें. आज त्याच पुण्याच्या सूनबाई बिस्किटांच्या गांवांत श्रावणी शुक्रवार करतात!

आम्ही उभयतां गेल्या हिवाळ्यांत तेथें तीन महिने होतों. डिसेंबरांत सूर्य सकाळीं आठला उगवतो आणि चारच्या आंत मावळतो. पुतण्या अंधारांत जाई, अंधारांत येई. तें गांव उजेडीं कसें दिसतें हें त्याला शनिवाराखेरीज ठाऊक नव्हतें. आम्हांला मात्र तें पुरतें ठाऊक झालें. तेथील बस कंपनी नगरपालिकेच्या मालकीची आहे, असल्या कंपन्या इंग्लंडांत आतां थोड्याच उरल्या आहेत. बस दाराशीं येई. हिला गुडघ्यांचा त्रास असूनहि ग्रंथालय, भाजी, नदीकांठ, सर्व एकटीनें साधे. ज्या दिवशीं ती एकटी बाहेर जाऊन कोथिंबीर घेऊन परत आली, त्या दिवसापासून "परत कधीं जायचें?" हें विचारणें बंद झालें. खेड्यांतल्या त्या बागेच्या घरांत आम्ही तीन आठवडेहि काढले नसते.

घर ऊन ठेवण्याचा खर्च हाहि मागें राहणाऱ्यांचाच विषय. दिवसभर घर रिकामें असेल तर शेगडी बंद ठेवतां येते. आजीआजोबा घरीं असले कीं ती पेटती ठेवावी लागते. तेथें प्रत्येक भाड्याच्या घराला उष्णता किती टिकते याचें प्रमाणपत्र लागतें. त्याच्या सात प्रतींपैकीं शेवटच्या दोन प्रतींचें घर, कांहीं अपवाद सोडल्यास, भाड्यानें देण्यास कायद्यानें मनाई आहे. जुन्या विटांचीं देखणीं घरें बहुधा खालच्या प्रतींत सांपडतात, आणि त्यांच्या कोपऱ्यांतला काळा ओलावा उन्हाळ्यांत दिसत नाहीं.

शाळांचें प्रकरण सर्वांत अवघड. सरकारी शाळा फुकट व बऱ्याच ठिकाणीं उत्तम. पण प्रवेश बहुधा घरापासूनच्या अंतरावर मिळतो. माध्यमिक शाळेचे अर्ज आदल्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत व प्राथमिकचे १५ जानेवारीपर्यंत द्यावे लागतात. आपलीं माणसें येतात तीं या तारखांना धरून नव्हे, व्हिसा मिळेल तेव्हां. वर्षाच्या मध्येंच आलेल्या मुलाला जेथें जागा रिकामी असेल तेथें जावें लागतें. पुतण्याच्या मुलाला अर्ध्या मैलावरची शाळा मिळाली, मुलीला दीड मैलावरची. दोन्ही शाळा पावणेनऊला भरत. सूनबाई सकाळीं दोघांना घेऊन निघत, मुलाला एका ओळखीच्या शेजारणीच्या स्वाधीन करीत आणि मुलीला घेऊन बस पकडीत. ही शेजारीण बंगालची. ती नसती तर काय झालें असतें, याचा विचार गाडीच्या मिनिटांत कोठें बसवावा? पांच महिन्यांनीं जवळच्या शाळेंत एक जागा सुटली, तेव्हां ही यातायात संपली.

शिवाय रेडिंग, स्लाउ, बकिंगहॅमशायर या भागांत निवडक मुलांच्या 'ग्रामर' शाळा अजून टिकून आहेत. रेडिंगमध्यें मुलांसाठीं रेडिंग स्कूल व मुलींसाठीं केंड्रिक. स्लाउमध्यें अशा चार आहेत. यांची परीक्षा मूल दहा वर्षांचें असतांना होते. आपल्या लोकांना परीक्षेचा वास लांबून येतो, त्यामुळें या गांवांत घरें घेण्यासाठीं त्यांची झुंबड असते आणि आठ वर्षांचीं मुलें शिकवणीला जातात. ज्या जाचांतून सुटावें म्हणून कित्येकांनीं देश सोडला, तोच त्यांनीं तेथें ट्रंकेंत घालून नेला आहे, असें आम्हांला वाटलें. सूनबाईंना तसें वाटत नाहीं. मुलगी येत्या सप्टेंबरांत केंड्रिकच्या परीक्षेला बसणार आहे.

स्वकीयांच्या संगतीचें म्हणाल तर लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे आणि त्याची वास्तु डॉलिस हिल भागांत आहे. हॅरो किंवा वेंब्लीकडे राहणाराला तें जवळ. रेडिंगहून जाऊन येण्यांत रविवारचा मोठा भाग खर्ची पडतो. ज्याला दर आठवड्याला मराठी कानीं पडल्यावांचून चैन पडत नाहीं, त्यानें हॅरोचा विचार करावा. तेथें रेल्वेहि दोन आहेत. घर मात्र एका खोलीनें लहान मिळेल.

गाडीनें एक उपकार केला, तो आम्ही अगोदर जाणला नव्हता. हिवाळ्यांत तेथलें घड्याळ आपल्याहून साडेपांच तास मागें. पुतण्या सायंकाळीं गाडींतून उतरतो तेव्हां पुण्यांत मध्यरात्र झालेली असते; म्हणून घरचें बोलणें होतें तें सकाळच्या गाडींत, आपल्याकडे दुपारचें जेवण आटोपतें तेव्हां. आमच्या वहिनींना त्यामुळें ट्वायफर्ड, मेडनहेड, स्लाउ हीं स्टेशनें क्रमानें पाठ आहेत. मेडनहेडच्या पुलावर आवाज तुटतो, मग त्या थांबतात आणि पुन्हां बोलूं लागतात.

राहिला पैसा. रेडिंग ते लंडन वर्षाचा पास पांच हजार पौंडांहून अधिक. तेथें वर्षाचा पास आठवड्याच्या पासाच्या चाळीस पट असतो, म्हणजे बारा आठवडे पदरांत पडतात. परंतु तो रोज जाणाऱ्यालाच परवडतो. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ कचेऱ्यांनीं आठवड्यांतून दोन-तीन दिवसच बोलावण्याची रीति पाडली, तेव्हां जून २०२१ पासून अठ्ठावीस दिवसांत कोणतेहि आठ दिवस प्रवास करण्याचा पास निघाला. आठवड्यांतून बरोबर दोन दिवस. या एका पासानें दूरचीं गांवें जवळ आणलीं आणि पुष्कळ कुटुंबांनीं त्याच्या भरंवशावर घरें घेतलीं. आमच्या पुतण्यानेंहि छत्तीस मैल पत्करले ते दोन दिवसांच्या हिशेबानें.

आतां त्याच्या कचेरीनें चार दिवस यावें असें कळविलें आहे. आठ दिवसांचा पास पुरणार नाहीं, आणि महिन्याचा खर्च वाढेल. त्यानें स्लाउचा विषय काढला: अंतर निम्मे, पासहि बराच स्वस्त. सूनबाईंनीं वही काढून दाखविली. तींत दोन मुलांची शाळा, सप्टेंबरची परीक्षा, बंगाली शेजारीण, सासूबाईंची बस आणि दवाखान्यांतली ओळखीची डॉक्टरीण, हें सारें एका पानावर लिहिलें होतें, आणि समोरच्या पानावर पासाची वाढीव रक्कम. तिची बेरीज करून खालीं रेघहि ओढलेली होती. वहिनींनीं फोनवरून मत दिलें तें सुनेच्या बाजूनें. घराचा करार मार्चपर्यंत आहे. पुतण्यानें तूर्त वर्षाचा पास न काढतां महिन्याचा काढला आहे.